दुखत नाही तोवरच

काही वर्षांपूर्वी एका आजारी भगिनीला ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी मी नियमाने तिच्या घरी जात असे. वय पन्नाशीच्या थोडे पुढचे. दोन मुली, एक मुलगा, कारखान्यातून निवृत्त झालेले पती. घर लहान पण नीटनेटके होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने तिला ग्रासले होते, आणि तो इतका पसरला होता की वेदना कमी करण्यापलीकडे आता काही करता येण्याजोगे नाही, असे सांगून डॉक्टरांनी तिला घरी पाठविले होते. एके दिवशी प्रार्थना आटोपल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, “दुखत नव्हतं ना, फादर. दुखलं असतं तर दाखवलं असतं.”

पाळी जाऊन तीन वर्षे झाल्यावर तिला पुन्हा रक्तस्राव दिसू लागला होता. दीड वर्ष तिने ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. थोरल्या मुलीचे लग्न ठरत होते. घरात पाहुण्यांची ये-जा होती. आणि मुख्य म्हणजे असल्या गोष्टी कोणाजवळ बोलावयाच्या? पतीला सांगण्याची लाज, मुलाला सांगणे अशक्य, मुलींना उगाच काळजीत कशाला टाकावयाचे. दुखू लागले तेव्हा ती दवाखान्यात गेली. परंतु दुखू लागले तेव्हा वेळ निघून गेली होती.

तिचे ते एक वाक्य माझ्या मनातून पुढे कधी गेले नाही. आपल्या घराघरांतून असाच समज आहे, की शरीर बिघडले म्हणजे ते दुखून सांगते. आणि जे दुखत नाही ते दाखवावयाचे कशाला? पडसे, दाढदुखी, मुरगळलेला पाय यांच्या बाबतीत हा हिशेब चालतो. कर्करोगाच्या बाबतीत तो नेमका उलटा आहे. येथे दुखणे ही आरंभीची वर्दी नव्हे. ती बहुधा शेवटची असते. म्हणून आज या पानावर, संकोच थोडा बाजूला ठेवून, याच एका रोगाविषयी आणि तो वेळेवर शोधून काढण्याच्या उपायांविषयी लिहावयाचे योजिले आहे.

संथ पावलांनी येणारा शत्रू

गर्भाशयाचा जो अरुंद भाग योनिमार्गात उघडतो, त्यास गर्भाशयमुख म्हणतात. या ठिकाणी होणाऱ्या कर्करोगाचे मूळ कारण आज निःसंशय ठाऊक झालेले आहे. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच संक्षेपाने एच. पी. व्ही., या नावाच्या विषाणूंच्या काही जाती त्यास कारणीभूत होतात. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या प्रयोगशाळेने १९८३ व १९८४ साली यांपैकी सोळा व अठरा क्रमांकाच्या जाती शोधून काढल्या. जगातील या कर्करोगाच्या सुमारे सत्तर टक्के रुग्णांत याच दोन जाती आढळतात. या शोधाबद्दल त्सुर हाउसेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता या विषाणूची चाल पाहा. तो शरीरसंबंधांतून येतो, आणि इतका सर्वसामान्य आहे की विवाहित स्त्री-पुरुषांपैकी बहुतेकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याचा संसर्ग होऊन जातो. बहुतेकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत, कोणतेही औषध न घेता, नाहीसाही होतो. थोड्या स्त्रियांच्या ठिकाणी मात्र तो चिकटून राहतो. त्या जागेच्या पेशींमध्ये हळूहळू फरक पडू लागतो. हा फरक म्हणजे कर्करोग नव्हे. ती त्याची पूर्वावस्था होय. या पूर्वावस्थेतून प्रत्यक्ष कर्करोगापर्यंत पोहोचावयास, प्रकृतीची प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या स्त्रीच्या बाबतीत, साधारणतः पंधरा ते वीस वर्षे लागतात. एच. आय. व्ही. वगैरे कारणांनी प्रतिकारशक्ती क्षीण झालेली असेल तर हा काळ पाच ते दहा वर्षांवर येतो.

वाचकहो, या आकड्यांपाशी क्षणभर थांबा. पंधरा वर्षे! ज्या अवधीत पाळण्यातील मूल दहावीच्या वर्गात जाऊन बसते, तेवढा अवधी हा रोग आपणांस देतो. या सर्व काळात स्त्रीला दुखत नाही, खुपत नाही. ती पाणी भरते, स्वयंपाक करते, नोकरीला जाते. आणि याच काळात तपासणी केली तर पाच-दहा मिनिटांच्या उपचाराने ती जागा निर्धोक करता येते. फार थोडे कर्करोग इतकी सवलत देतात. असे असूनही २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात या एका रोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण झाले आणि सुमारे ८० हजार स्त्रिया मरण पावल्या. सवलत होती, ती घेतली गेली नाही, एवढाच याचा अर्थ.

एका शंकेचे निरसन

येथे एक नाजूक गोष्ट स्पष्ट केलेली बरी, कारण तिच्यामुळे संसार उद्ध्वस्त होऊ शकतात. तपासणीत विषाणू आढळला असे कळताच पती-पत्नींपैकी एकाच्या मनात दुसऱ्याविषयी संशय उभा राहतो. हा संशय निराधार आहे. हा विषाणू शरीरात वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतो. तो केव्हा आला आणि कोणाकडून आला, हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. म्हणून तो आढळणे हा कोणाच्याही वर्तनाचा पुरावा ठरत नाही. शीलाची परीक्षा करण्याचे ते साधनच नव्हे.

त्याचप्रमाणे आजार म्हणजे पापाची शिक्षा, ही जुनी समजूतही आपल्यांतून पुरती गेलेली नाही. जन्मांध माणसाला पाहून पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, असा प्रश्न शिष्यांनी प्रभूला विचारला होता. आणि प्रभूने तो हिशेबच नाकारला, हे आपण शुभवर्तमानात वाचतो. मग आजारी बहिणीकडे पाहून तोच प्रश्न आपण मनात का आणावा? रोगास रोग म्हणावे, आणि त्याचा बंदोबस्त करावा.

एका ग्रीक डॉक्टराची चिकाटी

हा रोग लवकर ओळखण्याची पहिली मोठी युक्ती ज्याने दिली तो जॉर्ज पापानिकोलाउ. त्याचा जन्म १८८३ साली ग्रीस देशातील किमी गावी झाला. १९१३ साली तो पत्नीसह अमेरिकेत आला. पदवीधर डॉक्टर असूनही आरंभी पोटासाठी त्याला न्यू यॉर्कच्या एका मोठ्या दुकानात नोकरी करावी लागली. पुढे कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत त्याला काम मिळाले. तेथे गिनीपिगांच्या योनिस्रावातील पेशी काचेवर पसरून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहात असे. हीच रीत त्याने पुढे स्त्रियांच्या बाबतीत अवलंबिली. आणि या कामी त्याची पत्नी अँड्रोमाकी हिने वर्षानुवर्षे स्वतःचे नमुने दिले. काही नमुन्यांत त्याला कर्करोगाच्या पेशी स्पष्ट दिसल्या.

१९२८ साली त्याने हा शोध मिशिगनमधील एका परिषदेत मांडला. ऐकणाऱ्यांनी तो फारसा मनावर घेतला नाही. पापानिकोलाउ निराश होऊन बसला नाही. हर्बर्ट ट्राउट या स्त्रीरोगतज्ज्ञाच्या सहकार्याने त्याने पुन्हा काम केले, आणि १९४३ साली दोघांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा वैद्यकीय जगाचे डोळे उघडले. त्याच्या नावावरून ‘पॅप चाचणी’ हे नाव रूढ झाले. १९६२ साली तो मरण पावला.

परंतु युक्ती हाती आली म्हणजे प्राण वाचतातच असे नाही. पॅप चाचणी अनेक देशांत झाली. तिचे खरे चीज जेथे झाले तेथे एक निराळीच गोष्ट घडली होती. फिनलंड या छोट्या देशाने १९६३ पासून तीस ते साठ वर्षे वयाच्या स्त्रियांना दर पाच वर्षांनी घरी पत्र पाठवून तपासणीस बोलावण्याचा क्रम सुरू केला. जी स्वतः आजारी आहे म्हणून येते तिची वाट त्यांनी पाहिली नाही. जी निरोगी आहे तिला आवर्जून बोलाविले. काही दशकांत तेथे या रोगाचे प्रमाण व त्याने होणारे मृत्यू सुमारे ऐंशी टक्क्यांनी उतरले. चाचणी जितकी महत्त्वाची, तितकेच ते दारी आलेले निमंत्रण महत्त्वाचे, हे फिनलंडने दाखवून दिले.

धाराशिवच्या खेड्यांतील साक्ष

“फिनलंडचे राहू द्या, फादर, आपल्याकडे हे कसे व्हावयाचे?” असे कोणी विचारील. पॅप चाचणीसाठी प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतात, सूक्ष्मदर्शक लागतात, काचेवरील पेशी वाचणारे तज्ज्ञ लागतात. आणि आपल्या खेड्यांत तर डॉक्टरच मिळण्याची पंचाईत. हा प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर शोधण्याचे मोठे काम आपल्याच मराठी मुलुखात झालेले आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या साहाय्याने १९८७ साली येथे भारतातील ग्रामीण भागाची पहिली कर्करोग-नोंदवही सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव जात, रोगाची लक्षणे समजावून सांगत, नोंदी ठेवीत. केवळ या बोलण्याचालण्यानेच पूर्वीपेक्षा अधिक स्त्रिया रोगाच्या आरंभीच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या, असे त्यांना आढळले. यंत्र नव्हे, औषध नव्हे. केवळ माणसाने माणसाशी बोलणे.

याच मंडळींनी, टाटा रुग्णालय व फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्यासह, १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, एक प्रचंड अभ्यास हाती घेतला. हा जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. हैदराबादला राहणाऱ्या आपल्या पुष्कळ वाचकांचे आप्त आजही तेथे असतील. गावांचे बावन्न गट करून तीस ते एकोणसाठ वर्षांच्या एकूण १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रियांचे चार भाग करण्यात आले. एका भागास विषाणूची चाचणी, दुसऱ्यास पॅप चाचणी, तिसऱ्यास व्हिनेगरची चाचणी, आणि चौथ्या भागास केवळ माहिती व नेहमीच्या सोयी, अशी ती योजना होती. व्हिनेगर म्हणजे पातळ ॲसिटिक आम्ल. ते गर्भाशयमुखास लावल्यावर बिघडलेली जागा मिनिटभरात पांढरी दिसू लागते, आणि शिकविलेली परिचारिका ती नुसत्या डोळ्यांनी ओळखू शकते.

आठ वर्षांनंतरचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या भागात एकदाच, केवळ एकदाच, विषाणूची चाचणी झाली होती, तेथे वाढलेल्या अवस्थेतील कर्करोगाच्या ३९ स्त्रिया आढळल्या. ज्या भागात तपासणी झाली नव्हती तेथे ८२. पहिल्या भागात या रोगाने ३४ मृत्यू झाले. दुसऱ्या भागात ६४. दोन्ही भागांतील स्त्रियांची संख्या जवळजवळ सारखीच होती. आयुष्यात एका दिवसाची तपासणी, आणि मृत्यू जवळपास निम्म्यावर! त्या स्त्रिया शेतावर राबणाऱ्या होत्या. पुष्कळ जणी निरक्षर होत्या. घरच्यांनी त्यांना जाऊ दिले आणि त्या गेल्या, येथूनच सारे सुरू झाले.

पॅप व व्हिनेगर या चाचण्यांच्या एकाच फेरीने मात्र त्या जिल्ह्यात मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखी घट झाली नाही. तथापि तमिळनाडूतील दिंडिगुल जिल्ह्यात व्हिनेगरच्या एकाच फेरीने मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले होते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास झाला. तेथे दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवड्यांचे शिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा व्हिनेगरची चाचणी केली. आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हे निरनिराळे निकाल एकमेकांविरुद्ध वाटले तरी त्यांतून बोध एकच निघतो. व्हिनेगरची चाचणी पाहणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून असते, म्हणून ती शिकविलेल्या हातांनी आणि पुन्हा पुन्हा व्हावी लागते. विषाणूची चाचणी यंत्राने होते. तिचे ‘नाही’ हे उत्तर अधिक काळ भरवशाचे राहते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले, की जेथे शक्य असेल तेथे वयाच्या तिसाव्या वर्षापासून दर पाच ते दहा वर्षांनी विषाणूची चाचणीच करावी.

येथे एक गोष्ट लपवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तपासणी न मिळालेल्या त्या चौथ्या भागातील स्त्रियांचे काय? त्यांपैकी ६४ जणी गेल्या. ज्या रोगाची तपासणी जगात अन्यत्र दशकानुदशके चालू आहे, तिच्यापासून तुलनेसाठी कोणास दूर ठेवणे न्याय्य होते काय, असा प्रश्न पुढे देशोदेशींच्या विचारवंतांनी केला. संशोधकांचे म्हणणे असे, की त्या गावांत तपासणी मुळी नव्हतीच. आणि आपल्या परिस्थितीत काय उपयोगी पडेल हे तुलनेवाचून कळले नसते. या वादाचा निवाडा मी येथे करीत नाही. परंतु जे ज्ञान इतक्या मोलाने हाती आले, ते वापरावाचून पडून राहावे यासारखा दुसरा अन्याय नाही, एवढे मात्र निश्चयाने म्हणतो. आणि ते पडूनच आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकी ही तपासणी कधी तरी करून घेतलेल्या शंभरात दोघीही नव्हत्या.

प्रत्येक तपासणी हितकारकच काय?

कोणी उत्साहाने म्हणेल, तर मग सर्व माणसांची सर्व कर्करोगांसाठी तपासणी का करू नये? येथे सावध राहिले पाहिजे. दक्षिण कोरियात निरोगी माणसांच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीची तपासणी सर्रास होऊ लागली. १९९३ ते २०११ या काळात तेथे त्या ग्रंथीच्या कर्करोगाचे निदान पंधरा पटींनी वाढले. मृत्यूंचे प्रमाण मात्र जसेच्या तसे राहिले. म्हणजे ज्या बारीक गाठींनी माणसाला जन्मभर कधी त्रास दिला नसता, त्या शोधून काढून हजारो लोकांच्या ग्रंथी कापण्यात आल्या आणि त्यांना कायमच्या गोळ्या लागल्या. जी तपासणी मरण टाळीत नाही ती केवळ धास्ती वाढविते.

म्हणूनच १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन व युंगनर या दोघांनी तपासणीच्या योग्यायोग्यतेच्या काही कसोट्या घालून दिल्या. रोग महत्त्वाचा असावा. त्याला ओळखता येण्याजोगी पूर्वावस्था असावी. चाचणी लोकांना मान्य होईल अशी असावी. आणि जे सापडेल त्यावर उपचार उपलब्ध असावा. गर्भाशयमुखाचा कर्करोग या कसोट्यांस पुरेपूर उतरतो. तोंडाच्या कर्करोगाबाबतही केरळातील तिरुवनंतपुरम येथील अभ्यासाने दाखविले, की तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांचे तोंड ठरावीक काळाने नीट पाहिले तर मृत्यू कमी होतात. तंबाखू-मिश्री वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. तोंडातील न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा तीन आठवड्यांहून अधिक टिकला तर तो दाखवावा. स्तनाच्या बाबतीत मुंबईच्याच अभ्यासात, हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीच्या पुढील स्त्रियांतील मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा लाभ दिसला नाही. भारत सरकारने २०१६ साली तीस वर्षांवरील लोकांसाठी मुख, स्तन व गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांच्या तपासणीची योजना आखली, ती यामुळेच.

तपासणीस गेल्यावर काय होते?

भय बहुधा अज्ञानातून येते. म्हणून हेही सांगतो. तपासणी परिचारिका किंवा स्त्री-डॉक्टर करते. पडद्याआड, काही मिनिटांत होते. भूल लागत नाही, कापाकापी नसते. किंचित अवघडल्यासारखे वाटते, इतकेच. विषाणूच्या चाचणीसाठी तर स्त्रीला समजावून सांगितले असता ती आपला नमुना स्वतःच एका मऊ कुंचल्याने घेऊ शकते, आणि तो नमुनाही चालतो. ज्या भगिनींना संकोचामुळे जाववत नाही, त्यांनी या सोयीची चौकशी अवश्य करावी. विषाणूची चाचणी अजून सर्वत्र मिळत नाही. व्हिनेगरची चाचणी शासकीय योजनेत दर पाच वर्षांनी करण्याचे ठरलेले आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात ती कोणत्या दिवशी होते, हे आरोग्यसेविकेस विचारावे.

चाचणीत काही आढळले म्हणजे कर्करोग झाला असे समजू नये. पुष्कळ वेळा तसे नसते. अधिक बारकाईने पाहण्याची गरज आहे, एवढाच त्याचा अर्थ. पूर्वावस्था आढळली तर ती जागा गोठवून किंवा उष्णता देऊन नष्ट करतात; बहुधा त्याच दिवशी स्त्री घरी परत येते. येथेच पुष्कळ जणींचा घात होतो. तपासणीला जातात, पुन्हा बोलावणे आले की घाबरून जात नाहीत. अर्धी वाट चालून परत फिरलेली माणसे मुक्कामाला पोहोचत नाहीत. दुसरे बोलावणे हेच खरे महत्त्वाचे बोलावणे होय.

आणखी एक भेद लक्षात असावा. वर सांगितलेली तपासणी निरोगी स्त्रीसाठी आहे. पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त स्राव, यांपैकी काहीही दिसले तर तपासणीच्या शिबिराची वाट पाहू नये. सरळ स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. कर्करोग झालेला असला तरी तो मर्यादित जागेत असताना सापडला तर अमेरिकेतील नोंदींप्रमाणे दहापैकी नऊ स्त्रिया पाच वर्षांनंतरही हयात असतात. दूरच्या अवयवांत पसरल्यावर पाचांत एक.

आपल्या मुलींसाठी तर आता लसही आहे. नऊ ते चौदा वर्षांच्या वयात ती द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुण्याच्या सीरम संस्थेने तयार केलेल्या भारतीय लशीस २०२२ साली मान्यता मिळाली. लस घेतलेल्या मुलीनेही पुढे तिशीनंतर तपासणी करावयाचीच असते, हे विसरू नये. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने जगापुढे ध्येय ठेविले आहे, की २०३० पर्यंत नव्वद टक्के मुलींना लस मिळावी, सत्तर टक्के स्त्रियांची पस्तिशीपर्यंत एकदा व पंचेचाळिशीपर्यंत दुसऱ्यांदा तपासणी व्हावी, आणि रोग आढळलेल्या नव्वद टक्के स्त्रियांवर उपचार व्हावेत.

घराघरांनी करावयाचे काम

ही ध्येये राजधान्यांत ठरतात. पुरी व्हावयाची ती आपल्या स्वयंपाकघरांतून. आपल्या घरातील आई स्वतःसाठी दवाखान्यात जाण्याचे सर्वांच्या शेवटी ठेविते. मुलाची फी, सासऱ्यांचे औषध, गावची जत्रा, लग्नकार्य, हे सारे उरकल्यावर मग ती. आणि ते कधी उरकत नाही. म्हणून तिने आपण होऊन जावे, एवढे म्हणून भागणार नाही. तिला पाठविले पाहिजे. नवऱ्याने एक दिवसाची रजा काढून बरोबर जावे. सासूने सुनेला म्हणावे, “तू जाऊन ये, घरचं मी बघते”. आणि सुनेने सासूलाही विचारावे, कारण पाळी गेली म्हणून धोका गेला असे नाही. जाणत्या मुलांनी आईला विचारण्यात लाज मानू नये. महिला मंडळांनी चार-चार जणी मिळून जाण्याचे ठरवावे; सोबत असली म्हणजे संकोच अर्धा होतो.

दोष केवळ घरांचा आहे असे मी म्हणणार नाही. व्यासपीठावरून मी दारूबद्दल बोललो, सावकारी कर्जाबद्दल बोललो, मुलांच्या शिक्षणाबद्दल कितीदा तरी बोललो. या विषयावर मात्र एक अक्षर कधी काढले नव्हते. हे धर्मगुरूने बोलण्यासारखे नाही, असे मला वाटे. त्या भगिनीच्या दफनविधीस उभा असताना तिच्या दोन्ही मुली माझ्यासमोर होत्या. थोरलीच्या कडेवर मूल होते. त्या दिवशी मला कळून चुकले, की न बोलण्याचा माझा सभ्यपणा त्या घराला फार महाग पडला होता.

पुढे त्या दोघी बहिणी भेटल्या तेव्हा धीर करून मी विचारले, तपासणी केलीत काय? थोरली म्हणाली, “केली, फादर. आईनंच सांगून ठेवलं होतं.” तिला काही आढळले नव्हते. धाकटीला अजून तीस पूर्ण व्हावयाची होती, परंतु ती म्हणाली, “मी तारीख लिहून ठेवली आहे.”

वाचकहो, या आठवड्यात आपल्या घरातील तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीला हा एक प्रश्न विचारा: तपासणी झाली आहे काय? झाली नसेल तर दिवस ठरवा, आणि तो दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. तिला काही दुखत नसेल. दुखत नाही, म्हणूनच.